इंदुरात पैसे देऊन आंघोळ करण्याची सोय कोठे होती?

जुनातुकोगंज (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमच्या आजोबांच्या हिशेबाच्या वह्या सध्या मी वाचून लावीत आहे. देवासजवळच्या गावी त्यांची शेती होती आणि भाऊबंदकीच्या एका दाव्यामुळे त्यांना वर्षानुवर्षे इंदूरच्या कोर्टात खेटे घालावे लागत. १९५० ते १९६५ या काळातल्या नोंदींमध्ये जवळजवळ प्रत्येक फेरीत एक ओळ ठरलेली आहे: "दाढी व स्नान, आठ आणे". कधी ही रक्कम सहा आणे आहे, तर हिवाळ्यात क्वचित दहा आणेही दिसते. वकिलाची फी, स्टॅम्पाचा खर्च आणि जेवण यांच्या शेजारी ही ओळ इतक्या सहजपणे येते की त्या काळी परगावाहून आलेल्या माणसाने पैसे देऊन आंघोळ करणे ही अगदी नित्याची गोष्ट असावी, असे वाटते.

माझ्या पिढीने हे काही पाहिले नाही. आमच्या लहानपणी घरोघरी नळ आणि तांब्याचे बंब होते, नंतर गीझर आले. म्हणून येथील जुन्या इंदूरकरांना विचारावेसे वाटते की ही आंघोळीची ठिकाणे शहराच्या कोणत्या भागात होती, त्यांची व्यवस्था कशी असे, आणि मांडवच्या (मांडूच्या) गडावर आपण जो हमाम, म्हणजे जुने गरम स्नानगृह, पाहतो त्याच्याशी किंवा तुर्की हमामाशी या ठिकाणांचे काही नाते होते काय? घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टीही कृपया लिहाव्यात.

छावणीवाले

आपल्या आजोबांच्या नोंदीत दाढी आणि स्नान ही दोन कामे एकत्र लिहिलेली आहेत, यातच पुष्कळसे उत्तर आहे. हजामत झाल्यावर आंघोळ केल्याशिवाय घरात वावरायचे नाही, स्वयंपाकघराकडे तर फिरकायचेही नाही, हा नियम त्या पिढीत कडक होता. गावी असलेला माणूस ओसरीवर न्हाव्याकडून हजामत करवून घेऊन थेट न्हाणीघरात जाई. परगावी आलेल्या माणसाला ओसरी कोठची आणि न्हाणीघर कोठचे? त्यामुळे ज्याने दाढी करायची त्यानेच आंघोळीची सोय करायची, अशी रीत पडली आणि केशकर्तनालयांच्या मागच्या बाजूला न्हाण्याच्या खोल्या उभ्या राहिल्या.

मी अशा खोल्या स्टेशन आणि सरवटे बसस्थानक यांच्या आसपास पाहिलेल्या आहेत. निमाडातून आणि धार-झाबुआकडून रात्रीच्या गाडीने येणारे व्यापारी, कोर्टाची तारीख असलेले पक्षकार, मुलाखतीला आलेले तरुण आणि धर्मशाळेत उतरलेली मंडळी हे त्यांचे गिऱ्हाईक. याशिवाय एकट्याने खोली घेऊन राहणारे विद्यार्थी आणि पेढ्यांवरचे मुनीम रविवारी येत, कारण भाड्याच्या खोलीत मोरी असली तरी पाणी तापवण्याची सोय नसे.

दुकानाचा पुढचा भाग नेहमीसारखा असे: आरसे, फिरत्या खुर्च्या, तुरटीचा खडा आणि भिंतीवर देवादिकांची चित्रे असलेली दिनदर्शिका. मागे एक अरुंद बोळ असे आणि त्याच्या एका अंगाला पत्र्याच्या दारांच्या चार-पाच खोल्या, प्रत्येकीत फरशीचा उतार, एक दगडी बैठक, कपड्यांसाठी खुंटी आणि सामान ठेवायला उंचावर फळी. बोळाच्या टोकाला विटांची भट्टी असे, तिच्यावर मोठे लोखंडी पिंप बसवलेले आणि खाली वखारीतली जाडी लाकडे किंवा लाकूड-कटाईचा भुसा धुमसत असे. पोऱ्या एक बादली कढत पाणी आणून देई. थंड पाणी खोलीतल्या टाकीतून आपल्या हाताने मिसळून घ्यायचे. साबणाची वडी, खोबरेल आणि पंचा यांचे पैसे निराळे पडत. दुसरी बादली हवी असेल तर दाराआडून ओरडून सांगावे लागे आणि तिचेही पैसे हिशेबात चढत, म्हणून आपल्या आजोबांच्या वहीतील हिवाळ्यातले दहा आणे हे मला दुसऱ्या बादलीचे वाटतात.

थोडे जास्त पैसे दिले तर न्हावी आधी डोक्याची चंपी करी आणि खांदे, पाठ व हात तेलाने रगडून देई. त्या रगडण्याची तुलना आजच्या वातानुकूलित स्पाशी करू नये, कारण त्यात सुगंध, संगीत आणि नाजूकपणा यांपैकी काहीच नव्हते. परंतु रात्रभर लाकडी बाकड्याच्या बसमधून आलेल्या माणसाच्या आखडलेल्या मानेवर त्याचा जो परिणाम होई, तो मी माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावर पाहिलेला आहे.

मांडवफिरस्ता

छावणीवाले काकांनी वर्णन केलेल्या खोल्यांना लोक बोलण्यात हमाम म्हणत असतील, तरी रचनेच्या दृष्टीने ती निव्वळ गरम पाण्याची न्हाणीघरे होती. खऱ्या हमामात पाण्याआधी खोली तापवतात. आच जमिनीखाली असते, तिचा धूर आणि गरम हवा फरशीखालच्या पोकळीतून व भिंतींतल्या नळ्यांतून फिरते, आणि माणूस त्या तापलेल्या दगडावर बसून किंवा पडून घाम काढतो. अंगावर पाणी घेणे हा त्यानंतरचा भाग आहे. ही पद्धत रोमन स्नानगृहांकडून पूर्वेकडे गेली, उस्मानी (तुर्की) आणि इराणी जगात रुजली आणि सुलतान व मुघल यांच्याबरोबर आपल्याकडे आली.

मोगली हमामात साधारणपणे तीन दालने असत. पहिल्यात कपडे उतरवायचे, दुसरे थंड किंवा कोमट आणि तिसरे गरम. माणसाने एका दालनातून दुसऱ्यात हळूहळू जायचे आणि त्याच क्रमाने परत यायचे, म्हणजे शरीराला झटका बसत नाही. छतावर घुमट असतो, कारण सपाट छतावर साचलेली वाफ थेंब होऊन खाली बसलेल्यांच्या अंगावर टपकते, तर घुमटाच्या वळणावरून ती भिंतीकडे ओघळून जाते. खिडक्या नसतात, कारण त्यांतून उष्णता निघून जाईल, म्हणून उजेडासाठी घुमटाला लहान लहान छिद्रे ठेवून ती काचेने बंद करतात.

मांडवच्या राजवाड्यांच्या आवारात चंपा बावडी या पायविहिरीजवळ जो हमाम आहे त्याच्या छतात ताऱ्यांच्या आकाराची छिद्रे आहेत आणि थंड व गरम पाणी आणणाऱ्या वाटाही अजून ओळखू येतात. बहुतेक सहली जहाज महालावर छायाचित्रे काढून परत फिरतात आणि ही खोली न पाहताच जातात, याचे मला दरवेळी वाईट वाटते. जहाज महाल ज्याने बांधला असे मानतात तो घियासुद्दीन खलजी १४६९ ते १५०० या काळात मांडवच्या गादीवर होता. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध ही इमारत उभी आहे आणि तिच्या गच्चीवर पाणी नेणारी एक वाट मुद्दाम वेटोळी केलेली आहे, जेणेकरून पाण्याचा वेग मंदावून गाळ खाली बसावा. डोंगरमाथ्यावरच्या गडात नदी नाही, पावसाळ्यात पडेल तेवढेच पाणी वर्षभर पुरवायचे आहे, आणि अशा ठिकाणी तलाव, बावड्या, गाळणी आणि हमाम यांची साखळी उभी केलेली आहे. हमामाकडे एकट्या चैनीची वास्तू म्हणून पाहिले की ही साखळी नजरेतून सुटते.

बुऱ्हाणपुरातही असेच आहे. तेथील शाही किल्ल्यात तापीच्या काठी असलेल्या हमामाच्या छतावरची रंगीत वेलबुट्टी अजून बऱ्यापैकी शिल्लक आहे. १६३१ मध्ये मुमताज महलचा मृत्यू त्याच शहरात झाला, त्यामुळे मार्गदर्शक मंडळी त्या हमामाची सारी कथा तिच्याभोवतीच गुंफतात. मला मात्र त्या छतापेक्षा शहराबाहेरचा कुंडी भंडारा अधिक मोलाचा वाटतो. मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत गोळा करून केवळ उताराच्या बळावर शहरात आणण्याची ही इराणी पद्धतीची योजना आहे, आणि २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत तिचा समावेश झाला. पाण्याची अशी शाश्वती असल्याशिवाय कोणत्याही शहरात हमाम टिकत नाही.

गिरणगाव_इंदूर

आमच्या भागात हमामाचे काम कापडगिरणीने केले, असे म्हटले तर कोणाला अतिशयोक्ती वाटेल. परंतु परदेशीपुरा आणि मालवा मिलच्या बाजूला वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल.

गिरणीची वाफेची यंत्रे चालत तेव्हा वापरलेली वाफ थंड करण्यासाठी पुष्कळ पाणी लागे, आणि ते पाणी यंत्रातून बाहेर पडताना चांगले कोमट झालेले असे. एका मोठ्या उघड्या हौदात ते निवत ठेवीत आणि पुन्हा वापरीत. ज्या गिरणीत माझे वडील होते तिच्या हौदाच्या काठाला एका बाजूने दगडी पायऱ्या होत्या आणि पाळी सुटल्याचा भोंगा झाला की पिंजणखात्यातली माणसे, ज्यांच्या केसांत, भुवयांत आणि कानांत कापसाचे तंतू भरलेले असत, ती आधी तेथे जात. आंघोळ हौदात उतरून करायची नाही, पाणी डब्याने काढून काठावर घ्यायचे, असा दंडक होता आणि तो मोडणाऱ्याला बॉयलरवरचा माणूस शिव्या घाली. थंडीत, जेव्हा चाळीतल्या सामायिक नळाचे पाणी हाताला झोंबे, तेव्हा सुट्टीच्या दिवशी आम्हा मुलांनाही वडील बरोबर नेत. त्या पाण्याला तेलाचा किंचित वास येत असे. घरी आल्यावर आई पुन्हा एक तांब्या विहिरीचे पाणी डोक्यावर घाली, कारण गिरणीचे पाणी तिला शुद्ध वाटत नसे.

गिरण्यांचाच विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. माझे मामा विणाईच्या तांत्रिक प्रशिक्षणासाठी मँचेस्टरला गेले होते. तेथे ते ज्या घरात भाड्याने राहत त्या घरात स्नानगृहच नव्हते आणि आठवड्यातून एकदा सार्वजनिक स्नानगृहात जाऊन, पैसे भरून, टबात आंघोळ करावी लागे, हे त्यांनी पत्रात कळवले तेव्हा आमच्या आजीला ते खरेच वाटेना. साहेबाच्या देशात आंघोळीला पैसे पडतात, हे ती शेजारणींना कितीतरी वर्षे सांगत होती. पुढे वाचनात आले की १८३२ च्या पटकीच्या साथीनंतर लिव्हरपूलमध्ये हा विचार मूळ धरू लागला, १८४२ मध्ये तेथे सार्वजनिक धुलाईगृह व स्नानगृह उघडले आणि १८४६ मध्ये अशा इमारती नगरपालिकांनी बांधाव्यात म्हणून कायदाही झाला. मामांनी पाहिलेली इमारत म्हणजे मँचेस्टरची व्हिक्टोरिया बाथ्स. ती १९०६ मध्ये सुरू झाली, १९९३ मध्ये बंद पडली आणि तिच्यात पोहण्याच्या तलावांबरोबर तुर्की स्नानाची दालनेही होती. दर्शनी भागात पहिल्या वर्गाचे पुरुष, दुसऱ्या वर्गाचे पुरुष आणि स्त्रिया यांच्यासाठी तीन वेगळी प्रवेशद्वारे आहेत. तलावाचे पाणी आधी पहिल्या वर्गाच्या पुरुषांना, मग तेच दुसऱ्या वर्गाला आणि शेवटी स्त्रियांना, असा क्रम तेथे होता.

महूनिवासी

मँचेस्टरच्या तीन दारांविषयी वाचून हसू आले, परंतु आपल्या दारांविषयी या चर्चेत अजून कोणी काही लिहिलेले नाही. छावणीवाले यांनी सांगितलेल्या केशकर्तनालयांत दाढी आणि स्नान सर्वांना मिळत असे काय? माझ्या आजोबांना मिळत नसे. ते महूच्या लष्करी छावणीत कामाला होते, इंदुरात खरेदीसाठी येत, आणि जातीचा अंदाज येताच न्हावी वस्तरा बाजूला ठेवी किंवा पाणी संपल्याचे सांगे. म्हणून ते घरून निघतानाच आंघोळ करून निघत आणि रात्री परत गेल्यावरच दुसरी आंघोळ करीत. इंदुरात मुक्काम करण्याचे त्यांनी सहसा टाळले, त्याचे एक कारण हेही होते.

१९२७ चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह पिण्याच्या पाण्यासाठी होता, हे आपण शाळेत शिकतो. पाणी ज्या खोलीत अंगावर घ्यायचे तिच्या दाराशी काय होत असे, हे मात्र कोणत्या वहीत लिहिलेले सापडत नाही. गिरणीच्या हौदाचे काय होते, हे गिरणगाव यांनी सांगावे.

गिरणगाव_इंदूर

महूनिवासी, आपला प्रश्न योग्य आहे. हौदाच्या काठावर जागा खात्याप्रमाणे वाटलेल्या होत्या आणि खाती बहुतांशी जातीप्रमाणे भरलेली होती, त्यामुळे उघड मनाई न करताही जी विभागणी व्हायची ती होत असे. सफाई कामगारांना मी त्या पायऱ्यांवर कधी पाहिले नाही. आमच्या घरी त्याविषयी कोणी प्रश्नही विचारला नव्हता, हेही येथे लिहिले पाहिजे.

लोकमान्यनगरकर

आतापर्यंतच्या सर्व आठवणी पुरुषांच्या आहेत, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण इंदुरातल्या त्या मागच्या खोल्यांत कोणतीही बाई गेल्याचे मी ऐकलेले नाही. परगावाहून आलेल्या बाईने ओळखीचे घर शोधायचे, नाहीतर धर्मशाळेच्या विहिरीवर पहाटे अंधारात लुगड्यासकट अंग भिजवून घ्यायचे, एवढेच दोन मार्ग होते. माझ्या सासूबाई पंढरपूरच्या आणि ओंकारेश्वरच्या वाऱ्यांविषयी बोलताना देवदर्शनापेक्षा या अडचणीविषयी अधिक बोलत.

म्हणूनच मुलीने इस्तंबूलला नेले तेव्हा तेथील जुन्या हमामात स्त्रियांसाठी स्वतंत्र बाजू पाहून मला फार नवल वाटले. आम्ही गेलो तो चेंबरलीताश हमाम १५८४ चा, मिमार सिनान या प्रख्यात वास्तुकाराच्या रचनेचा, आणि सुलतान तिसऱ्या मुरादची आई नूरबानू हिने बांधवलेला. मधोमध संगमरवराचा मोठा तापलेला ओटा असतो आणि त्याच्यावर आडवे पडून घाम येईपर्यंत थांबायचे असते. मग एक धिप्पाड बाई येऊन खरखरीत कापडाची पिशवी हातात घालून अंग घासू लागते. आपले अंग स्वच्छ आहे या समजुतीने मी गेले होते आणि माझ्या दंडावरून निघालेला मळ पाहून तिने काही न बोलता तो मला दाखवला. नंतर फेसाने भरलेली कापडी पिशवी अंगावर पिळतात आणि भिंतीलगतच्या संगमरवरी कुंड्यांतून वाडग्याने पाणी घेऊन धुतात. त्या कुंडीला तळाशी भोक नसते. पाणी सतत वाहते राहावे आणि कोणी वापरलेले पाणी दुसऱ्याच्या वाट्याला जाऊ नये, असा त्यामागे विचार आहे. आमच्या आजीला हा नियम अगदी पटला असता.

तेथे पूर्वी नवरीला लग्नाआधी मैत्रिणी आणि नात्यातल्या बायका वाजतगाजत हमामात नेत, आणि बाळंतिणीला व बाळाला चाळीस दिवसांनंतर हमामात न्हाऊ घालण्याचा समारंभ होई. आपल्याकडे हळदीनंतरचे न्हाण, बाळंतिणीची शेकशेगडी आणि ओवा-बाळंतशेपांची धुरी हे सारे घरातल्या घरात उरकले जाते; त्यांच्याकडे त्यासाठी बायकांना घराबाहेर पडण्याचे हक्काचे ठिकाण होते. मुलांची लग्ने जुळवण्यापासून घरच्या तक्रारी सांगण्यापर्यंत सर्व काही त्या ओट्यावर होत असे, आणि माझ्या मते अंग शेकण्यापेक्षा त्याचेच महत्त्व अधिक होते.

मांडवफिरस्ता यांनी पाण्याची शाश्वती म्हटली, त्याला तिथलीच एक पुष्टी देते. इस्तंबूलचा जालोलू हमाम १७४१ मध्ये उघडला आणि त्याचे उत्पन्न आया सोफिया मशिदीतल्या ग्रंथालयासाठी लावून दिलेले होते. त्यानंतर १७६८ मध्ये सुलतान तिसऱ्या मुस्तफाने शहरात नवे मोठे हमाम बांधण्यास बंदी घातली, कारण त्यांना लागणारे पाणी आणि जळाऊ लाकूड शहराला परवडेनासे झाले होते. हमामाच्या मायदेशात ही वेळ आली, तर आपल्या इंदुरात काय व्हायचे?

जुनातुकोगंज

इतके सविस्तर उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. आपणा सर्वांचा आभारी आहे. महूनिवासी यांचा प्रतिसाद वाचल्यावर वह्या पुन्हा चाळल्या. आजोबांबरोबर त्यांचा गाडीवानही येत असे, त्याच्या जेवणाचे पैसे दर फेरीत लिहिलेले आहेत, परंतु त्याच्या नावावर दाढी किंवा स्नान एकदाही नाही.

आता एक उपप्रश्न आहे. या खोल्या नेमक्या कशामुळे बंद पडल्या? १९७० नंतरच्या वह्या माझ्याकडे नाहीत.

छावणीवाले

महूनिवासी यांनी लिहिलेले खरे आहे. आमच्या भागातल्या दुकानांतही तेच चाले आणि आम्ही ते पाहत असू.

बंद पडण्याविषयी सांगायचे तर त्यामागे एकच कारण नाही, तरी मी पहिला मान नर्मदेला देईन. इंदूर हे पाण्याच्या बाबतीत नेहमीच ओढगस्तीचे शहर होते. खान आणि सरस्वती या दोन्ही नद्या लहान. बिलावली व सिरपूरचे तलाव आणि गंभीर नदीवरचा यशवंत सागर यांवर होळकरांच्या काळापासून सारा भार असे. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबारला दोन खंडांचा जो नगररचनेचा अहवाल दिला, त्यातही नद्या, घाट आणि स्वच्छता यांना मोठे स्थान आहे, आणि प्लेगच्या त्या दिवसांत दिवाळीची मिरवणूक काढून त्यांनी साऱ्या शहराला रस्ते व घरे झाडायला लावल्याची हकीकत तर प्रसिद्धच आहे. पाणी मात्र अहवालाने वाढत नाही. मे महिन्यात या न्हाण्याच्या खोल्यांना कुलपे लागत किंवा बादलीचा दर चढत असे, आणि पखालीने वा टाकीगाडीने पाणी विकत घेऊन धंदा चालवावा लागे.

१९७० मध्ये नर्मदेचे पाणी इंदूरला मिळावे म्हणून मोठे आंदोलन झाले आणि १९७८ मध्ये मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर पार करून, विंध्याचा चढ पंपांनी ओलांडून, ते पाणी शहरात आले. घरोघरी आणि लॉजांतही नळ आले. त्याच सुमारास गॅसच्या शेगड्या आणि पाणी तापवण्याच्या विजेच्या कांड्या स्वस्त झाल्या, तर वखारीतले लाकूड महाग होत गेले. खोलीतच स्नानगृह असलेली लॉजे बसस्थानकाभोवती उगवल्यावर न्हाव्याच्या बोळात कोण जाणार? दुकानदारांनी भट्टी काढून तेथे आणखी दोन खुर्च्या मांडल्या आणि त्यांना त्यात अधिक फायदा झाला. मला त्याचे फारसे दुःख नाही. त्या बोळात कोंदट अंधार, शेवाळ आणि ओल्या पंच्यांचा वास असे. घरात आंघोळ करता येणे ही प्रगतीच आहे.

मांडवफिरस्ता

काकांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. ज्या ठिकाणी केवळ गरम पाणी मिळत होते ती ठिकाणे घरात गरम पाणी येताच संपली. भोपाळचा कदीमी हमाम मात्र राहिला, कारण तापलेली खोली आणि मालिश करणाऱ्याचे सरावलेले हात कोणत्याही गीझरमधून येत नाहीत. कमला पार्कच्या बाजूला, राणी कमलापतीच्या महालाजवळ तो आहे. भोपाळ संस्थानाचा संस्थापक दोस्त मोहम्मद खान याच्या काळापासून एकाच घराण्याकडे त्याची व्यवस्था चालत आली असे तेथील लोक सांगतात, म्हणजे ही परंपरा अठराव्या शतकाच्या आरंभाला जाते. आतमध्ये एकीपेक्षा दुसरी अधिक गरम अशा खोल्या आहेत, आच लाकडाची आहे आणि मालिश, अंग घासणे व स्नान हा क्रम जुनाच आहे. सांधे धरलेली वयस्कर मंडळी तेथे दर हिवाळ्यात नेमाने येतात.

जुनातुकोगंज आणि इतर कोणाला जायचे असेल तर दिवाळीनंतर जावे, कारण हा हमाम थंडीतच चालतो आणि होळीच्या सुमारास बंद होतो. निघण्यापूर्वी भोपाळातल्या कोणाकडून तरी चालू असल्याची खात्री करून घ्यावी. भरल्या पोटी जाऊ नये आणि रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर वैद्यांना विचारल्याशिवाय गरम खोलीत बसू नये. बाहेर आल्यावर लगेच थंड वाऱ्यात फिरू नये, अंग सुकेपर्यंत आतच बसावे.

लोकमान्यनगरकर

स्त्रियांसाठी तेथे वेगळी वेळ ठेवतात काय, याची चौकशी मी भोपाळच्या नणंदेकडून करीत आहे. कळले की याच ठिकाणी लिहीन, म्हणजे आम्हा चौघीजणींना जानेवारीत जाता येईल.